विलायती बंबाची जागा

यंत्रांविषयी लिहिण्याचा अधिकार मला नाही. एकतीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. घरातला फ्यूज उडाला तर मेणबत्ती लावून 'हे' घरी येण्याची वाट पाहणाऱ्या बायकांपैकी मी एक. पण २०२४ सालचे मे ते नोव्हेंबर हे सहा महिने मी इंग्लंडात मुलाकडे होते, आणि त्या सहा महिन्यांत त्या घरात दुसरा विषयच नव्हता. सकाळी चहाबरोबर टाकी, रात्री जेवताना टाकी, रविवारी कोणी स्नेही आले की त्यांच्यापुढेही टाकी. ऊन पाण्याची टाकी घरात ठेवायची कुठे? एखाद्या घरात उपवर मुलगी असावी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्थळ विचारावे, तशी आमच्याकडे प्रत्येकाला जागा विचारली जाई.

चिरंजीवांचे घर रेडिंगला आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनात जलद गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत तिथे उतरता येते. घर १९३० नंतरच्या दशकातले, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक असलेले. तिथे अशा घरांच्या रांगाच्या रांगा आहेत. खाली पुढची बैठक, मागची जेवणाची खोली आणि स्वयंपाकघर. वर निजायच्या दोन खोल्या आणि तिसरी 'बॉक्सरूम', जिला खोली म्हणायचे ते केवळ तिला दार आहे म्हणून. न्हाणीघर एकच, तेही वर. माणसे मात्र मी धरून पाच : मुलगा, सूनबाई, पंधरा वर्षांची नात, नऊ वर्षांचा नातू. मी आले की जेवणाच्या खोलीतले टेबल भिंतीला सरते आणि तिथे माझी खाट पडते.

गोष्टीची सुरुवात माझ्या जाण्याआधीच झाली होती. फेब्रुवारीत त्यांचा बॉयलर बंद पडला. फोनवर सूनबाई म्हणाली, "आई, तीन दिवस किटलीत पाणी तापवून आंघोळी चालल्यात." मला वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगते, आधी हसूच आले. पुण्याचे माहेर सोडून विलायतेत गेलेली मुलगी शेवटी विसण घालूनच न्हाते आहे!

कारागिराने बॉयलर कसाबसा चालू करून दिला आणि बजावले की पुढच्या वेळी सुटा भाग मिळणार नाही. तेव्हा नवा बसवणे आलेच. आमच्या मुलाचा स्वभाव त्याच्या वडिलांचा. साधी छत्री घ्यायची तरी आठ दिवस वाचन. त्याने महिनाभर वाचून ठरवले की आता गॅस नको, हीट पंप बसवायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना गॅसचा बॉयलर काढून हीट पंप घेणाऱ्या घराला सरकार अनुदान देते. २०२२ साली ही योजना निघाली तेव्हा ते ५००० पौंड होते, ऑक्टोबर २०२३ पासून ७५०० झाले. इतका पैसा सरकार देते आहे म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणसाचे मन कोणत्याही देशात सारखेच चालते.

हा हीट पंप म्हणजे काय, हे मला नातीने समजावले. "आजी, फ्रीज उलटा केला की हीट पंप." फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. बाहेर थंडी असली तरी हवेत उष्णता असतेच, आणि एक युनिट वीज खर्चून हा अडीच-तीन युनिटांची उष्णता देतो. मला हे प्रथम सावकारी व्याजासारखे वाटले. पण तो उष्णता तयार करत नाही, केवळ वाहून आणतो, हे कळल्यावर पटले. विहिरीतून पाणी शेंदणारा पाणी निर्माण करत नाही, तसेच हे.

अडचण वेगळीच होती. त्यांचा जुना बॉयलर 'कॉम्बी' जातीचा. म्हणजे आपला गॅसचा गीझर समजा : तोटी उघडली की भक्कन पेटणार आणि वाहते पाणी वाहतावाहता तापवणार. साठवण काही नाही. त्यासाठी त्याच्या अंगात पंचवीस-तीस किलोवॉटचा जोर असतो. अशा घराला पुरणारा हीट पंप मात्र सहा-सात किलोवॉटचा. कॉम्बी ही भडकलेली चूल, तर हा शेगडीतला निखारा. निखाऱ्यावर पाणी तापते, चांगले तापते, पण आंघोळीला बसल्यावर निखारा फुलवून चालत नाही. ते आधी तापवून साठवावे लागते. म्हणून टाकी.

आणि गंमत अशी की त्या घरात टाकी होतीच. त्या काळच्या इंग्रजी घरांत जिन्याच्या वरच्या टोकाला एक कपाट असे, त्यात तांब्याची टाकी उभी. ठरावीक माप : तीन फूट उंच, दीड फूट रुंद, पाणी मावे सव्वाशे लिटरच्या आत-बाहेर. टाकीच्या उबेचा फायदा घेऊन वर पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या मारलेल्या असत आणि त्यांवर धुतलेले टॉवेल, चादरी सुकायला ठेवत. त्या दमट देशात कपडा वाळवणे ही एक तपश्चर्याच असते. त्या कपाटाला ते एअरिंग कबर्ड म्हणतात. पुढे कॉम्बी आले आणि लाखो घरांनी टाक्या मोडीत काढल्या. कपाटात केरसुण्या, सुटकेसा, जुनी मासिके शिरली.

आमच्या मुलाच्या घरच्या त्या कपाटात देव शिरले होते.

पण ते सांगण्याआधी मला बंबाविषयी थोडे लिहू द्या. मी ज्या वाड्यात वाढले तो सदाशिव पेठेतला. न्हाणीघर मागच्या चौकात, आणि त्याच्या दाराशी आमचा तांब्याचा बंब. आजच्या मुलांनी बंब पाहिला तर तो दिवाणखान्यात शोभेला म्हणून, त्यात झाड लावलेला. त्यांना त्याची रचना सांगावी लागते. बाहेरून तो गोल पिंप दिसतो, पण मधून एक नळकांडे आरपार वर गेलेले असते. खाली जाळीवर विस्तव, त्याची धग आणि धूर त्या नळकांड्यातून वर, आणि भोवती पाणी. म्हणजे पाणी बाहेरून नव्हे, आतून तापायचे. आमच्या बंबाला नळ नव्हता. वरच्या नरसाळ्यात गार पाणी ओतायचे, ते तळाशी जायचे आणि वरचे कढत पाणी चोचीतून बादलीत पडायचे. जितके गार द्याल तितकेच ऊन घ्याल, असा त्याचा रोखठोक व्यवहार. एक तांब्या जास्त ओतला तर बादली वाहायची आणि आजीचा आवाज चौकभर घुमायचा.

विस्तवाला लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, गोवरीचा तुकडा. बंब रिकामा असताना पेटवायचा नाही, हा घरातला पहिला कायदा, कारण झाळलेले सांधे सुटतात. माझ्या धाकट्या काकांनी एकदा तो मोडला आणि त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांची ओळख 'ज्याने बंब जाळला तो' अशी करून दिली जाई. दिवाळीच्या आधी बंब चिंचेने घासायचे काम आम्हा मुलींचे. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी त्याला हळदकुंकू लागे, गळ्यात झेंडूची माळ पडे, आणि पहाटे चारला तो पेटे. अंगाला तेल लावून, कुडकुडत, रांगेत बसून बंबाच्या जाळाकडे बघत राहणे हीच माझ्या लेखी दिवाळी. फराळ नंतरचा.

त्या बंबाला जागा शोधावी लागली नाही. वाडा बांधणाराने न्हाणीघर बांधतानाच त्याची जागा सोडली होती. पुढे लग्न होऊन मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा बंब माळ्यावर गेला आणि गीझर न्हाणीघराच्या भिंतीवर चढला. तोही मी कधी मोजून पाहिला नाही. ऊन पाणी ही घरात जागा खाणारी वस्तू आहे, हे मला विलायतेत जाऊन कळले.

जूनमध्ये मोजमापाला एक तरुण आला. सुसंस्कृत मुलगा. दारात बूट काढले त्यानेच निम्मे मन जिंकले. त्याने खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, न्हाणारी माणसे मोजली. मग सांगितले की पाच माणसांना २१० लिटरची टाकी घ्या. उंची सुमारे दीड मीटर, रुंदी जवळजवळ ५५ सेंटीमीटर, आणि पाणी भरल्यावर वजन अडीचशे किलोंच्या घरात. एवढे वजन चोवीस तास एका जागी उभे राहणार. शिवाय ती बंद टाकी. नळाच्या दाबाखालीच भरलेली राहते, बंबासारखी वरून उघडी नसते. पाणी तापले की फुगते, त्याला जायला वाट हवी, म्हणून सुरक्षेच्या झडपा आणि त्या झडपांतून पाणी सुटलेच तर उतार धरून घराबाहेर जाणारी नळी. हे काम खास परवाना असलेल्या माणसानेच करायचे आणि दर वर्षी तपासायचे. म्हणजे नुसती जागा नव्हे. भक्कम जमीन, बाहेरची भिंत जवळ, न्हाणीघर जवळ, आणि माणसाला हात घालता येईल एवढी मोकळीक. वधूपक्षाच्या अटी याहून कमी असतात.

त्या दिवसापासून घरात शोध सुरू झाला.

पहिला विचार पोटमाळ्याचा. पण तिथल्या तुळया खालचे छत धरून ठेवण्यापुरत्या, अडीचशे किलो पेलण्यासाठी नव्हेत. त्या बळकट करायला वेगळा सुतार, वेगळा पैसा. जिन्याखालचे कपाट चांगले होते, पण तिथे आधीच विजेचा आणि गॅसचा मीटर नांदत होता. गॅरेज मागच्या अंगणात, घरापासून सुटे. तिथवर नळ्या नेल्या तर वाटेतच पाणी गार व्हायचे, आणि तोटी उघडून न्हाणीघरात ऊन पाणी येईपर्यंत माणूस वाट पाहत उभा. त्या गॅरेजमध्ये मोटार कधीच गेलेली नाही. तिथे गणपतीची मखरे, आकाशकंदील आणि सूनबाईच्या बाळंतपणातला पाळणा आहे. स्वयंपाकघरात जुना बॉयलर होता तो भिंतीवर टांगलेला, वीतभर जागेत. टाकीला जमिनीवर जागा द्यायची तर मसाल्यांचे उभे कपाट जाणार. सूनबाई एवढेच म्हणाली, "मग स्वयंपाक टाकीच करील." तो विषय तिथेच मिटला.

मुलाने एक वेगळे यंत्रही शोधून काढले होते. त्यात पाणी साठवत नाहीत, क्षार साठवतात. उष्णता दिली की तो वितळतो, आणि गोठताना ती परत देतो. जागा निम्मी लागते, पण किंमत पाहून चिरंजीवांनी पान उलटले.

राहिली बॉक्सरूम. तिथे नातू झोपतो. त्याचा पलंग, त्याचे टेबल आणि कोपऱ्यात टाकी असा नकाशा काढण्यात आला. नकाशा पाहून नातू म्हणाला, "मग मी कुठे उभा राहू?"

एक जागा मात्र कोणी बोलत नव्हते. जेवताना सगळ्या घराची नावे निघत आणि जिन्याच्या वरच्या टोकाशी येऊन बोलणे थांबे. मला वाटले, असेल काही अडचण.

जुलैत अंदाजपत्रक आले. सोबत नकाशा. मुलगा कामावर गेलेला, कागद टेबलावर. मी चष्मा लावून पाहिला. वरच्या मजल्यावर, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, एक छोटे वर्तुळ काढले होते आणि त्यात 'सिलिंडर' असे लिहिले होते. ते देवघर होते.

२०१३ साली आम्ही दोघे पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा ते कपाट रिकामे होते. आत बुचे मारलेली दोन तांब्याच्या नळ्यांची तोंडे जमिनीतून वर आलेली, आणि वर त्या पट्ट्यांच्या फळ्या. हे पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर हाताला लाकूड लागल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे. पंधरा दिवस कपाटात डोके घालून ह्यांनी त्याच फळ्या कापल्या, घासल्या, तीन पायऱ्यांचे देवघर केले. नळ्यांच्या तोंडांवर पाट आला आणि पाटावर समई. नात तेव्हा चार वर्षांची. ती ह्यांना खिळे मोजून देई. २०१९ मध्ये हे गेले. त्या घरात ह्यांच्या हातची वस्तू म्हणाल तर तेवढी एकच. दर खेपेला मी गेले की गुडघे धरून जिना चढते आणि आधी त्या दारापुढे उभी राहते. देवाला नमस्कार करते, असे घरचे समजतात.

मला राग आला, तो टाकीचा नव्हे. मला विचारले नाही याचा. मी दिवसभर काही बोलले नाही. संध्याकाळी मुलगा आला, त्याने टेबलावरचा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि तो उभाच राहिला.

"आई, मी सांगणार होतो."

"कधी? देव गॅरेजमध्ये गेल्यावर?"

असे बोलायला नको होते. पन्नाशीकडे झुकलेला तो मुलगा, पण शाळेतून कमी गुण घेऊन आल्यासारखा दिसला. सूनबाई मध्ये पडली नाही, हे तिचे शहाणपण. रात्री मला झोप लागली नाही. बारा वाजून गेल्यावर मी जिना चढले, कपाट उघडले, समईच्या पाटावर बसता येईल तेवढी बसले. पाट जरा हलला. त्याच्याखाली हात घातला तर त्या नळ्यांची थंडगार तोंडे हाताला लागली.

मोजमापाचा तरुण जूनमध्ये आला होता तेव्हा त्याने ते कपाट उघडून लगेच हळूच लावून घेतले होते, ते मला आठवले. जाताना तो मुलाला काही म्हणाला होता. मी नातीला दुसऱ्या दिवशी विचारले. ती म्हणाली, "आजी, तो म्हणाला की टाकी पहिल्यापासून इथेच होती. घर बांधणाऱ्याने तिच्यासाठीच ही जागा केली होती." खालची जमीन त्या वजनाच्या हिशेबाने भिंतीवर टेकवलेली, न्हाणीघर पलीकडेच, बाहेरची भिंत हाताच्या अंतरावर. म्हणजे आमच्या वाड्यातल्या बंबाची होती तशीच ती जागा. आम्हीच तिथे बिऱ्हाडकरू होतो.

हे मला पटले. पटले म्हणून बरे वाटले असे मात्र नाही.

न्याहारीच्या वेळी मी सांगितले, "देव खाली आणा. माझ्या खोलीत, धुराड्याच्या बाजूच्या कोनाड्यात." त्या घरांत शेकोटीच्या दोन्ही अंगांना फूट-सव्वाफूट खोल कोनाडे असतात. एकात पुस्तके होती, दुसऱ्यात टेलिव्हिजनच्या वायरी. कोणीच बोलेना. मग सूनबाई हळूच म्हणाली, "आई, एक सांगू? तिथे वर उदबत्ती लावली की जिन्यातला धुराचा भोंगा वाजतो. अकरा वर्षांत मी एकदाही लावलेली नाही." मला हे ठाऊकच नव्हते. अकरा वर्षे बिचारी बिनउदबत्तीची पूजा करत होती आणि सासऱ्यांनी केलेले देवघर म्हणून बोलत नव्हती. त्या घरात कोण कोणाला काय सांगत नव्हते, याची त्या सकाळी बरीच मोठी यादी निघाली.

ऑगस्टमध्ये मुलाने देवघर उतरवले. खिळा न तोडता उतरवायचे, अशी माझी ताकीद. सर्वांत खालची फळी उलटी केली तेव्हा तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले होते : 'आत ७१, दार ५८'. खाली तारीख. ह्यांचे ते सरळ, नकाशातले आकडे. मुलाने टेप लावली. आत ७१, दार ५८. टाकी ५५. तो फळी घेऊन बाहेर अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही. मी हाक मारली नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर माणसे आली आणि तीन दिवस घराचे धर्मशाळेसारखे झाले. पंप अंगणात गेला, मोठ्या पंख्याची ती पेटी. टाकी दोघांनी उभी धरून जिन्यावरून नेली आणि बोटभर अंतर राखून दारातून आत घातली. आतून मी टाकी पाहिली नाही, पण तिचा कापलेला नकाशा पाहिला आणि थबकले. बाहेर जाड फेसाचे आवरण, आत पोलादी पिंप, आणि पिंपाच्या पोटात नळीचे वेटोळे. पंपाकडून येणारे ऊन पाणी त्या वेटोळ्यातून फिरते आणि भोवतालचे पाणी तापवते. गार पाणी तळातून शिरते, ऊन पाणी माथ्यावरून बाहेर ढकलले जाते. जितके गार घ्याल तितके ऊन द्याल! फक्त विस्तवाच्या नळकांड्याच्या जागी वेटोळे. त्या कारागिराला मी आमच्या बंबाचे चित्र काढून दाखवले. त्याने ते घडी करून खिशात ठेवले.

विसण घालायलाही एक झडप आहे. टाकीतले पाणी भाजणारे असले तर ती त्यात गार मिसळून पुढे सोडते. रोजचे पाणी पन्नास अंशांच्या आसपास ठेवतात, आणि आठवड्यातून एकदा साठ अंशांवर नेतात. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजनेला नावाचे जंतू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन माजी सैनिकांच्या संघटनेचा मेळावा भरला असताना साथ पसरली, त्या 'लीजन'वरून हे नाव. तो आठवड्याचा दिवस आमच्याकडे सोमवार ठरला. नातू त्याला 'टाकीचा ताप' म्हणतो.

मला एक आशा होती. कपाट पुन्हा ऊबदार होईल, आणि त्या देशात कधी धड न लागणारे विरजण तिथे लागेल. कारागीर हसला. जुन्या टाक्या गरम असत, कारण त्या उष्णता वाया घालवत. या नव्या टाकीतून दिवसाकाठी दीड युनिटाच्या आसपास उष्णता जाते, तेवढ्यात टॉवेलसुद्धा नीट वाळायचा नाही. तरी मी हट्टाने टाकीच्या वर, नळ्या जिथे बाहेर पडतात तिथे दह्याचे भांडे ठेवले. फळी तीच, ह्यांच्या आकड्यांची. ती मुलाने तिच्या मूळ जागी पुन्हा बसवली होती. बाकी दोन कोनाड्यात देवाखाली गेल्या. दही रात्रीत लागले नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी लागले. चांगले कवडीदार लागले.

खरी परीक्षा ३१ ऑक्टोबरला होती. नरक चतुर्दशी, पाच माणसे, एक न्हाणीघर, आणि सगळ्यांच्या आंघोळी उजाडायच्या आत. कॉम्बीला एकामागून एक कितीही माणसे चालत, या टाकीचे पाणी मात्र संपले की संपले. पुन्हा पूर्ण तापायला दीड तास. आदल्या रात्री मुलाने हिशेब मांडला. २१० लिटर पाणी पन्नास अंशांचे, नळाचे गार बारा अंशांचे धरले, तर अंगाला सोसेल असे चाळीस अंशांचे पाणी दोनशे पंच्याऐंशी लिटर होते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर खातो. मी म्हटले, "मला दोन बादल्या पुरतात. माझ्या वाटचे नातीला द्या, तिचे केस लांब आहेत."

संध्याकाळी वर गेले तेव्हा कपाटाचे दार उघडे होते. नातीने टाकीच्या पांढऱ्या अंगावर हळदकुंकवाची बोटे ओढली होती आणि झडपेला सांभाळून, कशालाही न अडकेल अशी, कागदी झेंडूची माळ टांगली होती. बंबाची गोष्ट मी तिला उन्हाळ्यात कधीतरी सांगितली होती.

पहाटे पाचला दिवे लागले. तेल, उटणे, टबात बादली ठेवून तांब्याने आंघोळी. आधी मुले, मग मुलगा, मग सूनबाई, शेवटी मी. शेवटी जावे हा माझा आग्रह, कारण पाणी संपले तर ते माझ्यावर संपावे. पहिली बादली भरली. दुसरी भरली. हात घालून पाहिला, विसण घ्यावे लागले.

२०२५ च्या सप्टेंबरात टाकीची पहिली वार्षिक तपासणी झाली. मी तेव्हा पुण्यात होते. नवाच माणूस होता म्हणे. त्याने झडपा पाहिल्या, नळ्या पाहिल्या, आणि मग टाकीच्या अंगावर वाळलेले तांबडे डाग पाहून गंभीर चेहऱ्याने विचारले, हा गंज कधीपासून आहे? मुलाला दहा मिनिटे लागली समजावायला. तो माणूस डाग न पुसता कागदावर सही करून गेला.